आईच्या गळ्यातला चमचा

आमच्या बेकरीत एक नियम होता. आईने चमचा बुडवून चाखल्याशिवाय कुठलंही क्रीम केकला लागायचं नाही. हा नियम कुठे लिहून लावलेला नव्हता, पण भट्टी जशी होती तसा तोही होता. चमचा स्टीलचा, लांब दांड्याचा. दांड्याच्या टोकाला भोक, भोकात सुतळी, आणि ती सुतळी आईच्या गळ्यात. खेळाच्या सरांच्या गळ्यात शिट्टी असते ना, तशी आई दिसायची. सर आम्हाला पळवतात, आई बाबांना पळवायची. मिक्सर थांबला की बाबा भांड्याशेजारी हात मागे बांधून उभे राहायचे. एवढा मोठा माणूस, कोपरापर्यंत पीठ, आणि चेहरा तोंडी परीक्षेला उभ्या केलेल्या पोरासारखा. आई चमचा बुडवायची, डोळे मिटायची, जीभ टाळूला लावायची, आणि मग एकतर मान हलवायची नाहीतर एखादाच शब्द टाकायची. मीठ. लोणी थंड. अजून फेटा. बाबांनी उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही, कारण आईचं चुकायचंच नाही.

हे सगळं मी "होता, होती" असं लिहितेय, त्यावरून आता तसं राहिलेलं नाही हे तुम्हाला कळलंच असेल.

आम्ही दोघी जाड. आता हे मी सरळ लिहू शकते, कारण यंदा मी शाळेत वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून मला फारशी कशाची लाज वाटेनाशी झालीय. स्टेजवर चढत होते तेव्हा मागच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, स्टेज सांभाळा रे. मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, स्टेज मजबूत आहे, तू तुझं काळीज सांभाळ. सगळा हॉल हसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूने हसला. घरी मला ढमी म्हणतात. आत्या आईला गमतीत थोरली ढमी म्हणायची. आईला त्याचं काही नसायचं. उलट ती म्हणायची की वाळक्या बाईच्या हातचा केक कोण घेणार, मी म्हणजे या दुकानाची पाटी आहे पाटी.

आणि कात्रणं. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. केक भट्टीतून बाहेर येतो तेव्हा मधे फुगलेला असतो, डोक्यावर टेंगूळ आल्यासारखा. त्यावर क्रीम नीट बसत नाही. म्हणून करवतीच्या दातांची लांब सुरी आडवी फिरवून ते टेंगूळ कापून काढतात. कापलेला भाग विकता येत नाही. आमच्याकडे त्याला कात्रणं म्हणतात आणि त्यांच्यावर पहिला आणि शेवटचा हक्क आम्हा दोघींचा. मी शाळेतून आले की दप्तर फेकायचं, मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांवर चढून बसायचं, आणि मधे कात्रणांचं ताट. भांड्याच्या कडेला राहिलेलं क्रीम आई चमच्याने खरवडून त्यांवर लावायची आणि मला म्हणायची, डोळे मीट. आता सांग, काय लागतंय. मी म्हणायचे, गोड. ती म्हणायची, गोड तर कुत्र्यालाही कळतं, आधी काय आलं ते सांग. मग मी सांगायला शिकले. आधी लोणी, मग साखर, मग व्हॅनिला, आणि सगळं गेल्यावर जिभेच्या मुळाशी किंचित मीठ. बाकीच्या मुली आईशी काय बोलतात मला माहीत नाही. आम्ही हे बोलायचो.

आईचे गुडघे गेले होते. रक्तातली साखर औषधांना जुमानत नव्हती. झोपेत तिचा श्वास अडकायचा आणि बाबा तिला हलवून जागं करायचे. घरचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरच्या रंगाचं परीक्षण करत असल्यासारखं दाखवायची. डॉक्टरांनी सांगितलं की आता पथ्यबिथ्य पुरे, पोट छोटं करायचं ऑपरेशन करा. मोठी पिशवी कापून केळ्याएवढी नळी ठेवायची. आत्या म्हणाली, शिवणकामाचा प्रकार दिसतोय. आई हसली. मला आठवतंय, कारण टाके पडल्यावर ती बरेच दिवस हसायला घाबरत होती.

मी एकच विचारलं होतं, मग कात्रणं? आई म्हणाली, सुरुवातीला नाही, मग एवढुशी, मग हळूहळू होईल सगळं पूर्ववत. तिला खरंच तसं वाटत होतं. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं की फक्त पोट छोटं होणार आहे.

खोटं कशाला बोलू, ऑपरेशन चांगलं झालं. साखर उतरली, औषधं सुटली, रात्रीचा श्वास मोकळा झाला. काही महिन्यांत आई जिना न थांबता चढायला लागली आणि भिंतीवरचा रंग कोणी बघेनासं झालं. गिऱ्हाईकं तिला बघून तोंडात बोटं घालायची. पण जेवण हे जेवण राहिलं नाही. वाटीभर सूप ती इतक्या वेळात प्यायची की तेवढ्यात माझा गृहपाठ संपायचा. अर्धं उकडलेलं अंडं म्हणजे तिचं भरपेट जेवण. घास चावून चावून पातळ करायचा, जेवताना पाणी नाही, आधी अंडं-दही-मासळी, मग जागा उरली तर बाकीचं. जागा उरायची नाही. ती म्हणायची, भूकच लागत नाही गं, पोटात भाडेकरू सोडून गेल्यासारखं वाटतं. आणि लोणी वितळायला ठेवलं की ती नाकाला पदर लावून अंगणात जायची. बेकरीवालीने लोण्याच्या वासाला नाक धरायचं, म्हणजे कोळणीने समुद्राकडे पाठ फिरवण्यासारखं.

जरा बरं वाटल्यावर ती दुकानात परत आली. गळ्यात चमचा. सुतळी तीच, फक्त आता चमचा पोटाच्या वळणावर टेकत नव्हता, सरळ खाली लोंबत होता आणि ती वाकली की टेबलावर आपटायचा. बाबा हात बांधून उभे. आईने चमचा बुडवला, डोळे मिटले, आणि तिच्या कपाळावर आठी उठली. साखर जास्त झालीय, ती म्हणाली. बाबांनी मापं परत मोजली नाहीत. आईचं कधी चुकत नाही. त्यांनी बिनसाखरेचं लोणी घालून क्रीमचा गोडवा उतरवला. दुसऱ्या दिवशीही जास्त. तिसऱ्या दिवशी तर तिने चमचा तोंडाला लावून लगेच नॅपकिनला पुसला आणि म्हणाली, हे काय पाक ओतलाय का. बाबा साखर कमी करत गेले. केकवर पांढरं, देखणं, आणि खाल्लं तर मेणबत्तीसारखं क्रीम चढायला लागलं.

गिऱ्हाईक भांडत नाही. ते फक्त येत नाही. पलीकडच्या चौकातले दाताचे डॉक्टर आमचे सगळ्यात जुने, दर आठवड्याला केक नेणारे. आत्या म्हणायची, स्वतःच्या धंद्याची सोय बघतोय. तेही एक दिवस काउंटरवर घुटमळले आणि अगदी हळू आवाजात आत्याला विचारून गेले, की हल्ली कारागीर बदललाय का. कारागीर म्हणजे बाबा. बाबा आत भट्टीपाशी होते. त्यांनी ऐकलं.

आत्या काउंटर सांभाळते, म्हणून गिऱ्हाइकांचे चेहरे तिच्या वाट्याला येतात. तिने भावाला सरळ सांगितलं की वहिनीच्या गळ्यातून तो चमचा काढ. तिची जीभ गेली आता, पोटाबरोबर गेली. बाबांनी हातातला ट्रे पुसून ठेवला. मग म्हणाले, "पोट कापून घेतलं तिने. आता मी जीभ पण काढून घेऊ?"

खरं तर सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. तो चमचा म्हणजे आई या दुकानात कोण आहे, याचं उत्तर होतं. ती पाव वळायची नाही, भट्टी लावायची नाही, गल्ल्यावर बसायची नाही. ती चाखायची. चमचा गेला तर ती कोण? गिऱ्हाइकांसाठी ती वजन उतरलेली बाई, आणि घरात अर्धं अंडं खाणारी बाई.

त्यानंतर गिऱ्हाईकं परत यायला लागली. दाताचे डॉक्टर पण आले. आई रोज चाखत होती, रोज मान हलवत होती, आणि मला वाटलं की तिची जीभ ताळ्यावर आली. मी इतकी खूश झाले की एका दुपारी कात्रणांचं ताट घेऊन तिच्यासमोर बसले. तिने एक तुकडा उचलला, त्याचा वास घेतला, आणि माझ्या ताटात ठेवला. "तू खा. माझ्या वाटचं पण तूच खा." आणि ती बघत बसली.

हे घरी पण सुरू झालं होतं. ती माझं ताट वाढायची ते दोघींचं मिळून वाढायची. मग समोर बसायची, हनुवटीखाली हात, नजर माझ्या तोंडावर. कुरकुरीत आहे ना? आत मऊ लागतंय? पोट भरलं असं मी म्हटलं की ती म्हणायची, एवढ्यात? तिच्या आवाजात काळजी असती तर मला चाललं असतं. ती नाराज व्हायची, सिनेमा मधेच बंद पडल्यासारखी. मी जेवत होते की तिच्या वतीने हजेरी लावत होते, ते मला कळेनासं झालं. आणि तिचे जुने कपडे मला बसायला लागले. तिनेच काढून दिले. छान कापड आहे, वाया कशाला घालवायचं. मी तिचा निळा झगा घालून आरशासमोर उभी राहिले तर मागून आत्या म्हणाली, अगदी आईच दिसतेस, हिचंही ऑपरेशन वेळेवर करून टाका बाई. एरवी आत्याला तिथल्या तिथे परत करायला आई तयारच असायची. त्या दिवशी ती नुसती माझ्या कमरेकडे बघत होती.

दोन भांड्यांचं मला कळलं ते शाळेच्या केकच्या आधी काही दिवस. बक्षीस समारंभासाठी मोठ्या बाईंनी आमच्याकडेच केक सांगितला होता, तीन मजली, सगळ्या शाळेला पुरेल असा. पहिलं बक्षीस माझं, केक आमचा, म्हणजे मी हवेतच होते. सकाळी शाळेआधी दुकानात गेले तर बाबांनी मला कोठीत बोलावलं. तिथे कपड्याने झाकलेलं मिक्सरचं मोठं भांडं. त्यांनी कपडा सारला आणि साधा चमचा माझ्या हातात दिला. चाखून बघ. मी चाखलं. लोणी, साखर, व्हॅनिला, मागून मीठ. तसंच, पूर्वीचं, जुनं. मी म्हटलं, एकदम बरोबर. बाबांचे खांदे खाली आले. आणि मग मी बाहेर पाहिलं. टेबलावर, आईची वाट बघत, एक छोटं स्टीलचं भांडं ठेवलेलं होतं. त्यातही क्रीम होतं. मी त्यात बोट घातलं. मेणबत्ती.

म्हणजे आई रोज त्या छोट्या भांड्यातलं चाखत होती, मान हलवत होती, आणि ते क्रीम कुठल्याच केकला लागत नव्हतं. ती दुकानातून गेली की आत्या ते फेकून द्यायची.

मी तिथेच सांगितलं की हे आजच आईला सांगा. मी आता गप्प बसणाऱ्यातली नाही. आत्या आली, दोघांनी मला घेरलं. आत्याचं म्हणणं, तुझ्या बाबाने दयेपोटी केलंय, तू तुझं भाषण शाळेत कर. बाबांचं म्हणणं, एवढा शाळेचा केक होऊ दे, तो तिला स्वतःच्या हाताने सजवायचाय, मग मी स्वतः सांगतो. मी विचारलं की तुम्हाला ती मान हलवते तेव्हा काय वाटतं. बाबा म्हणाले, तुझी जीभ आईवर गेलीय. आणि कोठीचं दार लावून घेतलं. कौतुकच केलं होतं त्यांनी. मला ते तोंडावर पीठ मारल्यासारखं लागलं.

समारंभाच्या दिवशी सकाळी आई सगळ्यांच्या आधी दुकानात. नवा ड्रेस, त्यावर एप्रन, केस घट्ट बांधलेले. केस फार गळायला लागले होते तिचे, ती ते दिसू द्यायची नाही. तिन्ही मजल्यांचे केक थंड होऊन कापून तयार होते. छोटं भांडं समोर होतं. तिने चमचा बुडवला, डोळे मिटले, आणि मान हलवली. "जमलं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. नेहमी त्यानंतर बाबा म्हणायचे, तू आता बस, मी लावतो. पण नेमका तेव्हा मागच्या दाराशी मैद्याचा टेम्पो आला, आणि बाबा पोती उतरवून घ्यायला गेले. आत्या काउंटरवर गिऱ्हाइकात. मी रिकाम्या खोक्यांच्या घड्या उघडत बसले होते. माझं लक्ष गेलं तेव्हा आईने फिरत्या पाटावर खालचा केक चढवला होता आणि त्या छोट्या भांड्यातलं क्रीम पात्याने लावायला सुरुवात केली होती.

तिच्या दृष्टीने बरोबरच होतं. जे चाखलं ते लावायचं. नियम तोच होता.

खालच्या मजल्याची अर्धी बाजू झाली आणि भांडं संपलं. आईने पात्याने तळ खरवडला. भांडं उचलून आत पाहिलं. तीन मजल्यांच्या केकला एवढंसं क्रीम? तिने मला विचारलं की बाकीचं कुठे आहे. मी हातातल्या खोक्याची घडी उघडत राहिले. ती स्वतःच कोठीत गेली. कपडा सारल्याचा आवाज आला. मग चमचा भांड्याच्या कडेला लागल्याचा.

बाबा पाठीवर पोतं घेऊन दारातून आत आले तेव्हा आई कोठीच्या दारात उभी होती. चमच्यावर क्रीम, ओठांवर क्रीम. तिने शांतपणे विचारलं, हे कशाचं. बाबा म्हणाले, केकचं. पोतं त्यांनी खाली ठेवलं नाही.

"मग मी रोज चव कशाची बघत होते?"

आत्या काउंटरवरून आत डोकावली आणि परत फिरली. बाबा त्या पोत्याखाली तसेच वाकलेले. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "तुझ्यासाठी वेगळं करतात, आई. तुला चालेल असं. केकला हे लावतात." माझा आवाज स्टेजवर निघतो तसा खणखणीत निघाला, आणि मला तो त्या खोलीत अजिबात आवडला नाही.

आईने मान हलवली, क्रीम जमल्यावर हलवते तशी. मग ती कोठीत वळली आणि खायला लागली. चाखायला नाही, खायला. चमचा भरून, मग दुसरा, मग आणखी. प्रत्येक चमच्याला ती म्हणत होती, बरोबर आहे, असंच लागायला हवं, लोणी बरोबर, साखर बरोबर. शिक्षा म्हणून पाढे म्हणावेत तशी. बाबांनी पोतं टाकलं आणि तिचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला आणि अजून एक चमचा तोंडात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडण्याचं नव्हतं, मळमळ दाबल्याचं होतं. मला तो फरक कळतो. आम्ही इतकी वर्षं एका ताटात खाल्लंय.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतंच. एवढं गोड आता तिच्या पोटात थांबत नाही, सरळ आतड्यात उतरतं आणि सगळं शरीर बंड करून उठतं. थोड्याच वेळात तिचा चेहरा मैद्यासारखा झाला. घामाने नवा ड्रेस पाठीला चिकटला. छाती धडधडतेय म्हणाली, मग पोट धरून दुमडली. आम्ही तिला पोत्यांवर आडवं केलं, आमच्या कात्रणांच्या पोत्यांवर. बाबा केकच्या खोक्याच्या झाकणाने वारा घालत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. मी तिचे पाय माझ्या मांडीवर घेतले. किती हलके पाय. पूर्वी ती माझ्या मांडीवर पाय टाकायची तेव्हा मी चिरडलेच म्हणून ओरडायचे आणि ती मुद्दाम जोर द्यायची.

कळ ओसरल्यावर ती छताकडे बघत पडली. मग बाबांना म्हणाली की तुम्हाला वाटलं मला कळणार नाही. बाबा म्हणाले की मला वाटलं तुला बरं वाटेल. "मला चव आठवते हो," ती म्हणाली. "सगळी आठवते. जीभ देत नाही."

शाळेचा केक अर्धवट पाटावर उभा होता. दुपारी समारंभ. बाबा लावलेलं क्रीम खरवडायला गेले, तर आईने पडल्यापडल्या त्यांना थांबवलं. मिक्सरमधलं आधी चाखल्याशिवाय लावायचं नाही. बाबा म्हणाले की आत्ताच तर तू. ती म्हणाली, मी नाही. तिने गळ्यातली सुतळी डोक्यावरून काढली. चमचा धुवायला सांगितला. आणि माझ्याकडे धरला.

मी चाखलं आणि म्हटलं, छान. आई म्हणाली, छान तर कुत्र्यालाही कळतं. आधी काय आलं? मी डोळे मिटले. लोणी आलं. मग साखर, पण साखर जरा उशिरापर्यंत रेंगाळतेय. मग व्हॅनिला. आणि शेवटी? शेवटी काही नाही, मी म्हटलं, शेवट नुसताच संपतोय. डोळे उघडले तेव्हा आईने स्वतःचे मिटलेले होते आणि तिचे ओठ किंचित हलत होते.

"मीठ राहिलंय," ती म्हणाली.

बाबांनी चिमूटभर घातलं, फेटलं. मी परत चाखलं. आता शेवट होता, जिभेच्या मुळाशी, पूर्वीचा. बाबा माझ्यासमोर हात मागे बांधून उभे आहेत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी मान हलवली. मला वाटलं होतं की कधीतरी तो चमचा माझ्याकडे येईल, मोठी झाल्यावर, आई म्हातारी होऊन खुर्चीत बसल्यावर, काहीतरी छान होऊन. असा नाही, घामेजलेल्या सुतळीसकट.

समारंभात केकला सगळे नावाजत होते. मोठ्या बाई आईला म्हणाल्या की तुमच्या हाताला चव आहे, आणि पुढच्याच श्वासात म्हणाल्या की वजन किती छान उतरवलंत, ओळखूच आला नाहीत. आई दोन्हींना थँक्यू म्हणाली. तिच्या पुढ्यात आलेली बशी तिने माझ्याकडे सरकवली. मी करंडक एका हातात, बशी दुसऱ्या हातात घेऊन फोटो काढून घेतला. फोटोत आम्ही दोघी एकमेकींच्या कोणी लागत नाही असं वाटतं.

आता रोज सकाळी शाळेआधी मी दुकानात जाते. कात्रणं आत्या पिशवीत भरून काउंटरवर विकते, लोकांना आवडतात म्हणे. आई पोत्यांशेजारी स्टुलावर बसते, बाबा भांड्यापाशी, मी मधे. मी चाखते, सांगते, आई ऐकते आणि काय कमी ते बोलते. अजून तिचं चुकत नाही, फक्त आता तिला माझं तोंड लागतं. दुकान पूर्वीसारखं चाललंय. सगळे म्हणतात, सगळं सुरळीत झालं.

परवा तिने टेबलावर एक रिकामा वाडगा ठेवला. मी विचारलं, हा कशाला. ती माझ्याकडे न बघता, एप्रनची गाठ सोडत बांधत म्हणाली, "चाखायचं आणि थुंकायचं. गिळायची गरज नसते चवीला. रोज एवढं लोणी पोटात गेलं तर तुझं पण माझ्यासारखं होईल."

माझ्यासारखं म्हणजे कोणासारखं, आधीच्या की आत्ताच्या, हे तिने सांगितलं नाही. ज्या बाईने मला डोळे मिटून खायला शिकवलं, जी आठ दिवसांपूर्वीपर्यंत माझ्या ताटात दोघींचं वाढत होती, ती माझ्यासमोर थुंकायचं भांडं ठेवत होती. बाबा मिक्सरचं बटण पुसायला लागले. मी तिच्या जुन्या निळ्या झग्यात उभी होते आणि तो मला अगदी मापात बसला होता.

मी चमचा बुडवला, नेहमीपेक्षा भरून घेतला, तोंडात ठेवला. लोणी, साखर, व्हॅनिला, मीठ. वाडग्याकडे पाहिलं नाही. सरळ आईच्या डोळ्यांत बघत गिळलं.

तिने नजर माझ्या तोंडावरून हलवली नाही. आणि माझ्या गळ्याबरोबर तिचाही गळा हलला, रिकामाच.